बाळ्याची साखर : एप्रिल ते ऑक्टोबरच्या नोंदी

२६ एप्रिल

बाळ्याला मधुमेह असावा, असं आज डॉक्टर मॅडम म्हणाल्या. वय साडेनऊ, बोका, लहानपणीच नसबंदी केलेला. दिवाळीत वजन ६.८ किलो होतं, आज दवाखान्याच्या काट्यावर ५.१ भरलं.

खुणा दीड महिना डोळ्यांसमोर होत्या. स्वतःचं वाडगं संपवून तो मोरीतल्या बादलीत तोंड घालायचा. ट्रेमधली वाळू दिवसातून दोनदा बदलावी लागायची. सारखं खायला मागायचा आणि तरीही पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. उन्हाळा म्हणून पाणी जास्त, वय झालं म्हणून रोडावला, अशी प्रत्येक गोष्टीची आम्ही वेगळी समजूत करून घेतली. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला तेव्हा मला वाटलं, माडीच्या कठड्यावरून उडी चुकली असेल. साखर बरेच दिवस चढलेली राहिली की मागच्या पायांच्या नसा अशा दुबळ्या होतात, हे आज कळलं.

दवाखान्यात साखर ४१२. पण त्या एका आकड्यावर मॅडमनी काहीच ठरवलं नाही. घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरसुद्धा तीनशे-चारशेवर जाऊ शकते म्हणाल्या. लघवीतही साखर निघाली. फ्रुक्टोसामीनसाठी रक्त पुण्याला पाठवलंय. रक्तातल्या प्रथिनांना किती साखर चिकटलीय ते त्यात दिसतं, म्हणजे मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज येतो. घटकाभराच्या भीतीने तो आकडा हलत नाही.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, क्वालिटीत काम करतो. एका रीडिंगवर लॉट पास किंवा नापास करायचा नसतो हे रोजचं आहे. त्यामुळे मॅडमचं हे म्हणणं लगेच पटलं.

२९ एप्रिल

फ्रुक्टोसामीन ५२०. मधुमेह पक्का.

मॅडमनी विचारलं, मधे कधी स्टेरॉइड दिलं होतं का? फेब्रुवारीत खाजेसाठी लांब टिकणारं इंजेक्शन दिलं होतं. ते, जास्तीचं वजन, नसबंदी झालेला बोका आणि दिवसभर घरात लोळणं, हे सगळं एका दिशेला नेणारं. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ सारखा असतो. इन्शुलिन तयार होत असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग स्वादुपिंडातल्या इन्शुलिनच्या पेशी काम करून थकतात आणि त्यांच्यात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं. पण सुरुवातीलाच साखर नीट ताब्यात आणली तर पेशींना विसावा मिळतो आणि काही मांजरांना पुढे इन्शुलिनची गरज उरत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत अशी आशा फारशी नसते म्हणाल्या.

गोळ्या का नाहीत, हे मी विचारलं. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने द्यायची औषधं मांजरांसाठी मंजूर झाली आहेत. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. पण ज्यांनी कधीच इन्शुलिन घेतलेलं नाही आणि बाकी तब्येत ठणठणीत आहे अशाच मांजरांसाठी ती आहेत, आणि त्यांच्यावर असताना कीटोअॅसिडोसिसवर, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतायत का यावर, बारीक लक्ष ठेवावं लागतं. बाळ्यासाठी इन्शुलिनच.

३० एप्रिल

ग्लार्जिन नावाचं इन्शुलिन, १ युनिट, दर १२ तासांनी. वेळ ठरवली सकाळी ६:१५ आणि संध्याकाळी ६:१५. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही, मॅडमना फोन.

अडचण माझ्या शिफ्टची आहे. पहिल्या पाळीत दोन्ही वेळा मी घरी असतो. दुसऱ्या पाळीत संध्याकाळ हुकते, तिसरीत सकाळ. म्हणजे घरातल्या तिघांनाही हे आलं पाहिजे. बायकोने आयुष्यात सुई हातात धरलेली नाही. आज्जी वीस वर्षं स्वतःच्या पोटात इन्शुलिन टोचून घेतेय, हात स्थिर आहे, पण एका युनिटची रेघ तिला दिसत नाही. तेव्हा बायको भरणार, आज्जी टोचणार.

मानेमागची कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची आणि तंबूच्या दारातून सुई आत. आज्जीने पहिल्याच फेरीत दिली. बाळ्याने खाण्यातून मान वर केली नाही.

३ मे

आज फार मोठी चूक होता होता राहिली. सविस्तर लिहितो.

मी दुसऱ्या पाळीला होतो. बायकोने फ्रिजच्या दारातून सिरिंज घेतली, बाळ्याच्या बाटलीतून १ च्या रेघेपर्यंत भरली आणि आज्जीच्या हातात दिली. आज्जी म्हणाली, "अगं, ही लाल टोपीची माझी सुई हाय. त्याची केशरी न्हवं?"

आज्जीचं इन्शुलिन ४० चं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. बाळ्याचं ग्लार्जिन १०० चं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. ४० च्या सिरिंजवरची १ ची रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. तेवढ्याच जागेत १०० चं इन्शुलिन भरलं तर त्यात अडीच युनिट बसतात. रेघ एकच दिसते आणि डोस अडीचपट जातो. पाच किलोच्या जनावराला तो जिवावर बेतू शकतो. ज्या घरात माणूसही इन्शुलिनवर आहे तिथे हा धोका रोजचा आहे, आणि आपल्याकडे ४० च्या बाटल्या अजून घरोघरी आहेत.

उपाय आजच केला. बाळ्याचं सगळं सामान झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डब्याला केशरी पट्टी, तो फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. आज्जीचं दारात, जिथे पूर्वीपासून होतं तिथेच. कारखान्यात याला पोका-योके म्हणतात, म्हणजे चूक करायला वावच ठेवायचा नाही. शिवाय भरलेली सिरिंज टोचणाऱ्याने टोपीच्या रंगासकट बघायची आणि मोठ्याने बोलायचं, "केशरी, एक."

अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली, तीस युनिटची बारीक सिरिंज शाहूपुरीत दोन दुकानं फिरल्यावर तिसऱ्यात मिळाली.

६ मे

घरी साखर मोजायला शिकलो. कानाच्या कडेला बारीक शीर जाते, तिच्या शेजारी टोचायचं. कान गार असेल तर रक्त येत नाही. तव्यावर गरम केलेले मूठभर तांदूळ मोज्यात भरून अर्धा मिनिट कानाला धरायचे, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचं. कडेवर व्हॅसलिनचा हलका हात दिला की थेंब केसांत पसरत नाही, गोळा होऊन बसतो. मग कापूस दाबून धरायचा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. चौथ्या दिवशी तो मोज्याचा वास आला की स्वतःहून पाटावर येऊन बसायला लागला.

मशीन आज्जीचंच. माणसांच्या मशीनचं जे मानक आहे त्यात १०० च्या वरच्या रीडिंगला १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे ३०० आणि ३३० यांत फरक आहे असं मानायचंच नाही. शिवाय मांजराच्या रक्तात ही मशीनं सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, कारण साखर तांबड्या पेशींत आणि बाहेरच्या द्रवात किती वाटली जाते ते माणसात आणि मांजरात वेगळं आहे. मॅडम म्हणाल्या, मशीन बदलू नका, एकाच मशीनवरचा कल बघू.

११ मे

रविवार. पहिला पूर्ण कर्व्ह. डोसच्या आधी आणि मग दर दोन तासांनी, संध्याकाळपर्यंत. ३८८, ३५१, ३०४, २६२, २७०, ३१५, ३६०. तळ २६२. हवा तो ८० ते १५० च्या मधे. डोस दीड युनिट.

१८ मे

खाण्याचा हिशेब. पाकिटावर कार्बोहायड्रेट छापत नाहीत, पण वजाबाकीने निघतं. १०० मधून प्रथिन, स्निग्ध, पाणी, राख आणि तंतू वजा करायचे. आमच्या कोरड्या दाण्यांचं असं: प्रथिन ३०, स्निग्ध १०, पाणी १०, राख ८, तंतू ४. उरले ३८. प्रथिन आणि कर्बाला ग्रॅममागे साडेतीन कॅलरी आणि स्निग्धाला साडेआठ धरल्या तर एकूण कॅलरीतल्या ४१ टक्के पिठुळ पदार्थांतून. ओल्या पाउचचा तसाच हिशेब केला तर ११ टक्के. मधुमेही मांजराला साधारण १२ टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं. मांजर मुळात मांसावर जगणारं. लाळेत पीठ पचवणारा रस नाही, आणि जेवणानंतर साखर झटकन उचलणारं ग्लुकोकायनेज यकृतात फारसं काम करत नाही.

सगळं घरचं चिकन देऊ का, तर नाही. नुसत्या उकडलेल्या मांसात टॉरीन आणि कॅल्शियम पुरेसं नसतं, आणि टॉरीन कमी पडलं की मांजराचे डोळे आणि हृदय जातं. म्हणून पाउच हा पाया आणि चिकन वरून थोडं. रविवारची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, पूर्ण बंद. लहान पोरांसारखी त्याला वाटीभर अळणी द्यायची आमच्या घरची पद्धत होती, आणि त्यात कांदा-लसूण शिजलेला असतो. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. मधुमेह नसता तरी हे थांबवायलाच हवं होतं. नऊ वर्षं आम्हाला हे माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटतंय.

दाणे एकदम काढायचे नाहीत. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून वेगळंच दुखणं उभं राहतं. दर तीन-चार दिवसांनी थोडे कमी.

२५ मे

अजूनही तीनशेच्या आसपास. डोस २ युनिट.

२९ मे

तक्ता समोर घेऊन बसलो. संध्याकाळची साखर काही दिवशी २४० आणि काही दिवशी ३६०, मधलं काही नाही. चढलेल्या दिवसांवर खूण केली. सगळे ते दिवस, जेव्हा मी दुसऱ्या पाळीला आणि बायको शाळेत, म्हणजे दुपारी घरी फक्त आज्जी.

आज्जीला विचारलं. तिने लपवलं नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरून धारेचं दूध येतं, त्यातलं वाटीभर, त्यात चपाती कुस्करून. "मुकं जनावर, दारात बसून तोंडाकडं बघतंय. वीस वर्षं मला कुणी गोड खाऊ दिलं न्हाई. त्याचं बी तसंच करायचं काय?"

मला काही बोलता आलं नाही. तिच्या पथ्याच्या वीस वर्षांत आम्ही तिला नको-नको एवढंच सांगत आलो. तिच्या हातून बाळ्याला काहीतरी मिळणं ही तिची गोष्ट होती आणि आम्ही तिला न विचारता ती काढून घेतली होती.

ठरलं असं: दुपारी चारला उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे चार तुकडे, फक्त आज्जीच्या हातून. तो मान तिचा. दूध-चपाती बंद. तक्त्यात आतापर्यंत वेळ, साखर आणि डोस होतं. आता चौथा रकाना: काय खाल्लं, कुणी दिलं.

४ जून

सकाळी ११ वाजता बायकोचा फोन. बाळ्या पडवीत झिंगल्यासारखा चालतोय, डोळे मोठे झालेत, हाक मारली तरी बघत नाही. मशीनवर ४८.

आज्जीने काकवी आणली, बायकोने बोटाने हिरड्यांना चोळली. तोंडात ओतली नाही, हे बरं केलं, कारण गिळता येत नसताना ओतलेलं फुफ्फुसात जातं. वीस मिनिटांत ६९, मग समोर ठेवलेलं पाउच खाल्लं, तासाभराने १३०. बायको त्याला तशीच रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, काकवीने निभावलं, पण तिच्यातली बहुतेक साखर आधी फोडावी लागते. ग्लुकोज पावडरची पातळ पेस्ट किंवा मध जास्त लवकर चढतो. केशरी डब्यात आता ग्लुकोजचा पुडा आहे.

कारण शोधलं आणि ते माझ्यापाशी येऊन थांबलं. २५ तारखेला डोस दोनवर नेला तो ज्या रीडिंगवरून, त्या दुधा-चपातीच्या होत्या. २९ ला दूध बंद झालं. १ तारखेला मी उरलेले दाणेही एकदम काढले. खाण्यातलं पीठ निम्म्याहून खाली आलं, इन्शुलिन तेवढंच राहिलं, आणि दोन्ही बदल मी मॅडमना कळवले नाहीत. कारखान्यात भट्टीत टाकायचा माल बदलला आणि सेटिंग तेच ठेवलं तर मी ऑपरेटरला जाब विचारतो. घरी मी तेच केलं.

डोस १ युनिट. आजपासून खाण्यातला कुठलाही बदल आधी फोनवर, मग ताटलीत.

१५ जून

तळ १४२, वरचं टोक २६५. पाणी पिणं निम्म्यावर. ट्रे दिवसातून एकदा.

२ जुलै

वजन ५.३. मशीनखेरीजची मापं मला आता जास्त पटायला लागलीत: रोजचं पाणी मापट्याने मोजलेलं, आठवड्याचं वजन आणि मागच्या टाचा. डावी टाच आज पूर्ण वर होती.

२३ जुलै

पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली. शुक्रवार पेठेत आम्ही ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत नाही, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळचं पाणी घरात पाहिलंय. दुपारीच राजारामपुरीत आत्याकडे हललो. आज्जी, तिची औषधं, बाळ्या पिंजऱ्यात, केशरी डबा बर्फाच्या पिशवीशेजारी पण टॉवेलात गुंडाळून. गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं, त्यामुळे बर्फाला ते थेट लागता कामा नये.

आत्याकडे वीज चार तास नव्हती. बाहेर पावसाची गार हवा, काळजी नव्हती. मे महिना असता तर माठाच्या ओल्या वाळूत डबा ठेवला असता.

२४ जुलै

सकाळी ३४१. बायको म्हणाली, डोस वाढवायचा का विचारूया? रात्रभर परक्या घरात, कपाटाखाली. ही भीतीची साखर. तरी मॅडमना विचारलं. त्याही तेच म्हणाल्या. खातोय, उलटी नाही, लघवीच्या पट्टीवर कीटोन नाही, तर डोस तोच. उलटी, खाणं बंद आणि तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास, हे तिन्ही किंवा एकही दिसलं तर रात्री दोनलाही निघायचं, हे आत्यालाही सांगून ठेवलं.

२७ जुलै

परत घरी. २१०. दुसऱ्या दिवशी १८४.

१७ ऑगस्ट

कर्व्ह: १८८, १५६, ११८, ९२, ९७, १३१, १७०. मॅडमनी डोस अर्ध्या युनिटवर आणला.

तक्ता छपाईला दिला. पन्नास प्रती, मराठीत, मोठ्या अक्षरात, म्हणजे आज्जीला वाचता येईल. मागच्या बाजूला फक्त सिरिंजच्या दोन टोप्या आणि ४८ च्या दिवशी काय करायचं ते. मॅडमनी वाचून दोन वाक्यं दुरुस्त केली आणि वीस प्रती दवाखान्यात ठेवून घेतल्या.

१४ सप्टेंबर

वजन ५.६. मॅडम म्हणाल्या, यापुढे वाढू द्यायचं नाही. चरबी वाढली की इन्शुलिनला पुन्हा दाद मिळेनाशी होते. पाउच दिवसाला साडेतीन.

४ ऑक्टोबर

डोसच्या आधी ९७. फोन केला. आज सकाळची सुई द्यायची नाही. संध्याकाळी ११२. तीही नाही. उद्या दोनदा मोजायचं.

१८ ऑक्टोबर

चौदा दिवस इन्शुलिनशिवाय. सर्वांत वरचं रीडिंग १३९. फ्रुक्टोसामीन पुन्हा पाठवलं होतं, ते मर्यादेत आलं. साखर परत चढू शकते, स्टेरॉइडने तर नक्कीच, म्हणून बाळ्याच्या केसपेपरवर मॅडमनी ते लाल अक्षरात लिहिलंय. आठवड्यातून दोनदा कानाचं माप चालू राहील. केशरी डबा फ्रिजच्या मधल्या कप्प्यातच आहे, बाटलीवर उघडल्याची तारीख आहे, मुदत संपलेली टाकून नवी आणून ठेवली.

चौथ्या रकान्यात आजची नोंद: दुपारी ४:०५, चिकनचे चार तुकडे, आज्जी.